बिनदुधाचं गोड

सिंदी रेल्वे या आमच्या गावातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी एकतीस वर्षं वजनकाट्यावर होतो. कापसाची गाडी फाटकातून आत वळली की ती किती भरेल ते मी नुसत्या नजरेनं सांगायचो, आणि सहसा चुकायचो नाही. त्यामुळे मला वाटायला लागलं होतं, की आपलं सगळंच बरोबर असतं. त्यात जीभ तिखट. कुणी धडपडला की आधी टोमणा, मग हात. लोक हसायचे आणि मी खूश व्हायचो. माझी बायको नलू म्हणायची, "तुमच्या तोंडाले कुलूप लावाले पायजे." लावलं असतं तर आज हे सांगायची वेळ आली नसती.

अंकुश आमचा मुलगा. अठ्ठावीस वर्षांचा, लग्नाचं बघत होतो. घरी चार म्हशी होत्या. आमचं आणि शेजारच्या दोन घरांचं दूध गोळा करून तो रोज पहाटे मोटारसायकलवरून बुट्टीबोरीच्या हॉटेलांना घालायचा. गेल्या जानेवारीत एका पहाटे दाट धुकं होतं. रस्त्याच्या कडेला बिनदिव्याचा ट्रक उभा होता, तो त्याला दिसला नाही. पोलिसांनी जे लिहून घेतलं तेही एवढंच.

पण पोलिसांना सगळं कुठे माहीत असतं. त्या पहाटे नलूनं त्याला चारला उठवलं, हे खरं. दोघांनी मिळून धारा काढल्या, ती पुन्हा गोठ्यात शेण काढायला गेली, आणि अंकुश कॅन बांधून अंगणात गाडीपाशी उभा राहिला. मी ओसरीवर घोंगडी पांघरून बसलो होतो. तो म्हणाला, "बाबा, धुकं लय आहे. घंटाभर थांबतो." मी म्हणालो, "भेव वाटते काय? आईच्या पदराखाली जाऊन झोप मंग. दूध मी घेऊन जातो." घेऊन जातो म्हणालो आणि घोंगडीतून पायही बाहेर काढला नाही. तो हसला. "बसा बाबा, तुमच्यानं किक नाई बसत," म्हणाला आणि गेला.

गोठ्यात नलूला यातलं काही ऐकू आलं नाही. तिला एवढंच ठाऊक, की आपण पोराला उठवलं आणि पोरगा गेला.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की तेरवीला त्याच्या नावानं काहीतरी खायचं सोडतात. कुणी वांगं सोडतं, कुणी सीताफळ. हुशार माणसं मुळात न आवडणारंच सोडतात आणि पुण्य पदरात पाडून घेतात. तेरवीची जेवणं उरकल्यावर नलूच्या भावानं, आंजीच्या महादेवरावानं, तिला विचारलं, "बाई, तू काय सोडतं?" ती म्हणाली, "दूध." सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती म्हणाली, "दूध, दही, ताक, तूप, सगळं. मी उठवलं त्याले दुधासाठी. झोपू देलं असतं तर लेकरू असतं."

मी मुंडण केलेलं डोकं घेऊन तिथेच बसलो होतो. तोंड उघडायची ती वेळ होती. एरवी न विचारता बोलणारा मी, त्या दिवशी गप्प बसलो. नंतर सांगू म्हणालो, नंतर आणखी नंतर, असं करत दहा महिने गेले. म्हशी विकल्या. चहाला दूध विकत यायला लागलं, तेही अर्धा लिटर, माझ्या एकट्यापुरतं. ती समोर बसून कोरा चहा प्यायची आणि मी दुधाचा. हे सांगताना मला लाज वाटते, पण मी पीत होतो हे खरं आहे.

मग दिवाळी आली. माणूस गेल्यावर वर्ष पुरं होईपर्यंत घरात कढई चढत नाही. तळण नाही, गोडधोड नाही. फराळ करायचा नाही, नातेवाईक आणून देतील तो खायचा. महादेवराव येऊन डबे ठेवून गेला. चिवडा, शेव, चकली आणि तुपातले रव्याचे लाडू. नलूनं लाडूंचा डबा तसाच उचलून शेजारी पंचफुलाच्या पोरांना देऊन टाकला. चिवड्याची चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाली, "झाली माही दिवाळी."

दहा महिन्यांत ती इतकी वाळली होती, की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडं ठिसूळ झालीत, दूध घेत जा. नलू त्यांना "हो" म्हणाली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "त्यायले काय माहीत." मला माहीत होतं. मी औषधाची चिठ्ठी घडी करत बसलो.

आमची मुलगी जया अमरावतीला दिलेली आहे, शाळेत शिकवते. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "बाबा, मी औंदा भाऊबीजेले नाई येत. कोणाले ओवाळू?" मग तीच म्हणाली, "आईनं गोड काई खाल्लं काय?"

"तूप नसलेलं गोड आणू कुठून?"

"आणाचं कायले? करा न तुम्ही. आमच्या शाळेत एक मॅडम नाताळात करून आणते. दूध नाई, तूप नाई, अंडं नाई. नुसते फळं, गूळ अन मसाला. वरून कणकेचा भुगा. तळाचं नाई, भट्टीत भाजाचं. कढई नाई चढत न बाबा ह्याच्यात."

मी म्हणालो, "मले साधा चहा येत नाई पोरी."

"मंग शिका," ती म्हणाली. हा टोमणा माझ्याच घराण्याचा होता, त्यामुळे मला वाईट वाटलं नाही.

तिनं व्हॉट्सअॅपवर आवाज भरून पाठवला. तो मी अकरा वेळा ऐकला. चार केळी, सहा जाम, तीन संत्री, मूठभर खजूर. (तिकडे पुण्यामुंबईकडे पेरू म्हणतात त्याला आम्ही जाम म्हणतो.) दालचिनी, लवंग, सुंठ आणि जायफळ कुटून घ्यायचं. जाडसर कणकेत किसलेला गूळ आणि फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल घालून चोळायचं. जया सगळं कपाच्या मापानं सांगत होती. कप लहान की मोठा, भरून की दाबून, काही पत्ता नाही. मी किराणा दुकानातून काटा मागून आणला आणि कणीक, गूळ, तेल सगळं तोलून घेतलं. आयुष्यभर जे केलं तेच केलं.

मी ओसरीवर पाट मांडून बसलो तर नलू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "काय करून राह्यले?"

"तुझ्यासाठी गोड. जयानं सांगितलं."

"कढई नाई चढवाची बरं. वर्स नाई झालं अजून."

"कढई नाही. सत्तारभाईच्या बेकरीच्या भट्टीत देतो." मग मी म्हणालो, "दूध-तूप नाई ह्याच्यात. तुझ्यासाठीच पाहून पाठवलं पोरीनं."

ती जरा वेळानं येऊन समोर बसली. मी संत्र्याच्या फोडींशी झटापट करत होतो, अर्धा रस पंचावर गेला होता. तिनं माझ्या हातातून संत्रं काढून घेतलं. फोडीचा पाठीकडचा दोरा ओढला, साल सोलली, बिया काढल्या आणि गर परातीत टाकला. मी जाम कापत होतो, ती संत्री सोलत होती. दहा महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघं एका कामावर बसलो होतो. खलबत्त्यातला मसाला तिनं हुंगून पाहिला आणि म्हणाली, "लवंग जास्त पडली." मला बरं वाटलं. आणि त्याच क्षणी हेही वाटलं, की हे मी काय करतोय? न केलेल्या चुकीची शिक्षा ही बाई भोगते आहे, आणि मी तिला त्या शिक्षेत बसेल असं गोड करून देतोय. म्हणजे शिक्षा चालू राहावी याचीच ही सोय.

तरी मी कणीक चोळत राहिलो.

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या गावातली बेकरी बायकांच्या ताब्यात असते. घरून मैदा, साखर, डालडा न्यायचा, नानकटाया आणि बिस्किटं भट्टीत भाजून आणायची. सत्तारभाई प्रत्येकीच्या ट्रेवर खडूनं नंबर टाकतो आणि ज्याचा त्याचा माल ज्याच्या त्याच्या डब्यात पडेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. त्या रांगेत मी परात छातीशी धरून उभा राहिलो. परातीवर नलूनं धुतलेलं फडकं झाकलं होतं.

पुढे पंचफुला होती. मागे वळून म्हणाली, "मामाजी तुम्ही? हे काय, परात घेऊन?"

"पोरगी पाहाले आलो," मी म्हणालो. बायका हसल्या. सवयीनं बोलून गेलो. मग तिला खरं सांगितलं, की बिनदुधाचं गोड आहे, नलूसाठी.

पंचफुलाचा चेहरा उतरला. "मामीजीनं स्वतःले केवढी शिक्षा लावून घेतली. लेकराले उठवलं तं काय गुन्हा केला? कोणती माय नाई उठवत?" बाकीच्या बायका हळहळल्या. एक म्हणाली, "तिच्या हातूनच व्हाचं होतं, दुसरं काय." कुणी वाईट मनानं बोलत नव्हतं. सगळ्या गावाला एकच गोष्ट माहीत होती, आईनं उठवलं आणि पोरगा गेला. ती गोष्ट माझ्या गप्प बसण्यामुळे इतकी पक्की झाली होती, की आता लोक तिच्यावर दया करून आपापलं मन मोकळं करत होते.

माझा नंबर आला. सत्तारभाईनं फडकं काढून परात पाहिली, हुंगली. "काका, खुशबू तो अच्छी आहे. पण वरून कोरडं दिसून राह्यलं. ब्रशनं थोडं दूध मारू काय? कलर येते."

"दूध नाही!" मी ओरडलो. इतक्या जोरात, की भट्टीपाशी पाव भरणारा कामगार थांबला. सत्तारभाईनं ब्रश बाजूला ठेवला. लांब दांड्याच्या फळीवर परात ठेवून आत सरकवली आणि मला म्हणाला, "काका, अंदर बसा. पाऊण घंटा लागन."

आत पिठाच्या पोत्यांशेजारी एक बाक होता. त्यानं मला बसवलं आणि स्वतः समोर उकिडवा बसला. सत्तारभाई चाळिशीचा माणूस, अंकुशला लहानपणापासून ओळखणारा. पहाटे तीनला त्याची भट्टी पेटते. एवढ्या पहाटे गावात जागे असणारे दोघेच, तो आणि दूधवाला.

"काकी अजून दूध नाई घेत?" त्यानं विचारलं.

"नाही."

तो हातावरचं पीठ झाडत राहिला. मग म्हणाला, "काका, अंकुश त्या दिवशी इथं थांबला होता. पाच-सात मिनिट. मी म्हणलं बस बाप्पा, चहा पे, उजेड होऊ दे. समोरचा खांब दिसत नव्हता. तो म्हणे, नाई भाई, मी घरी म्हणलं होतं थांबतो, तं बाबा म्हणे आईच्या पदराखाली झोप. हसत होता. म्हणे आता थांबलो तं बाबा वर्षभर चिडवतीन मले."

भट्टीची धग पाठीवर येत होती. मला वाटत होतं, ते बोलणं माझ्या अंगणात सुरू झालं आणि तिथेच संपलं. ते पोरानं बरोबर नेलं होतं. रस्त्यानं नेलं होतं आणि इथे ठेवून पुढे गेला होता.

"तू कोणाले सांगितलं नाही?" मी विचारलं.

"कोणालेच नाई. तुमच्या घरची गोष्ट. मी तेरवीले आलतो. काकी म्हणत होत्या, मी उठवलं, मी उठवलं. तुम्ही तिथंच बसले होते. मले वाटलं, आता काका सांगन."  त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. "मी बी काय केलं, काका? हात धरून बसवलं असतं त्याले. दोन टोस्ट देले अन जाऊ देलं."

 बोलण्यासारखं होतं ते दहा महिने जुनं झालं होतं.

परात बाहेर आली तेव्हा वरचा भुगा तांबूस झाला होता आणि कडेनं गुळाचा पाक उकळत होता. संत्र्याचा आणि दालचिनीचा वास सगळ्या बेकरीत पसरला. बायका वाकून पाहायला लागल्या. सत्तारभाईनं भाजणावळ घेतली नाही. मी परात गोणपाटात धरून घरी निघालो. बेकरी स्टेशनजवळ, तिथून आमच्या घरापर्यंत अर्धा मैल. या अर्ध्या मैलात मी ठरवलं, की आज सांगायचं. मारुतीच्या देवळाशी आलो तोवर ठरवलं, की पाडवा झाल्यावर सांगू. माणूस किती नालायक असू शकतो ते मी त्या रस्त्यावर पाहिलं.

नलूनं ओसरीवर दोन ताटल्या मांडून ठेवल्या होत्या. तिनं आधी एक वाटी भरून देवापुढे नेली, तिथून ती अंकुशच्या फोटोपुढे ठेवली. मग आमच्या दोघांच्या ताटल्यांत वाढलं. चमच्यानं एक घास घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं सावकाश चावला, गिळला.

"जाम बरे शिजले," ती म्हणाली.

तिनं आणखी एक घास घेतला. मग तिसरा. दहा महिन्यांत तिला असं खाताना मी पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि आता तर सांगायलाच नको असं वाटलं. खाते आहे ना, खाऊ दे.

तेवढ्यात ती चमचा ठेवून म्हणाली, "तुम्ही कधी चुलीपाशी नाई गेले. अन आज माह्यासाठी हे एवढं. पाप माह्या हातचं अन तुम्हालेबी भोगा लागून राह्यलं." आणि तिनं माझ्या पायाला हात लावायला वाकायला घेतलं.

मी पाय मागे ओढले. माझी ताटली सांडली. "नलू, नको," मी म्हणालो. "तुझ्या हातचं नाई काई. तू उठवलं खरं, पण तो जात नव्हता. त्याले मी पाठवलं."

ती तशीच अर्धवट वाकलेली राहिली. मग सरळ झाली. मी सगळं सांगितलं. घोंगडी, गाडी, धुकं, तो काय म्हणाला, मी काय म्हणालो. खाली बघून सांगितलं.  मी वाट पाहत होतो, की आता ती ओरडेल, ताटली फेकून मारेल, भावाला फोन लावेल. मारली असती तर बरं वाटलं असतं.

ती म्हणाली, "तो काय म्हणला? पुन्हा सांगा."

"म्हणाला, बाबा, धुकं लय आहे. घंटाभर थांबतो."

"अन जाताना?"

"बसा बाबा, तुमच्यानं किक नाई बसत."

"हसून म्हणला, का रागानं?"

"हसून."

"दात दिसले?"

"हो," मी म्हणालो. अंधार होता, पण ओसरीचा दिवा लागलेला होता. दात दिसले होते.

ती आता माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे कोरडे होते आणि असा राग मी तिच्या तोंडावर चाळीस वर्षांच्या संसारात पाहिला नव्हता. "मी त्याले उठ म्हणलं, तं तो हूं म्हणला," ती म्हणाली. "धारा काढताना एक शब्द नाई बोलला, झोपेत होता. दहा महिने झाले, मी त्या 'हूं'वर दिवस काढून राह्यली. माह्या लेकराचा शेवटचा शब्द म्हणून 'हूं' धरून बसली मी. अन तुमच्यापाशी एवढं होतं. तो हसला, बोलला, थट्टा केली त्यानं. हे सारं तुम्ही एकट्यानं ठेवून घेतलं."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी समजत होतो, की मी माझा गुन्हा लपवतोय. तिच्या वाट्याचं पोराचं बोलणं मी दाबून ठेवलंय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

"नलू, माफ कर," मी म्हणालो.

"ते मागून पाहू," ती म्हणाली. "अजून काय म्हणला? अजून कोणाले भेटला?"

लपवायची सवय कशी असते पाहा. तेवढ्यातही माझ्या मनात आलं, की इथेच थांबावं. घरातली गोष्ट घरात राहील. पण तिच्या तोंडाकडे पाहून मला ते जमलं नाही. "सत्तारभाईच्या बेकरीत थांबला होता," मी म्हणालो. "पाच-सात मिनिटं. त्याच्याशी बोलला."

"काय बोलला?"

मी सांगायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला. "तुम्ही नका सांगू. तुम्ही अर्धं सांगान." ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि चपला घातल्या. ताटलीत तिचं गोड अर्धं तसंच होतं. दुपारचे दोन वाजले होते. ती माझ्यासाठी थांबली नाही. वाळलेलं अंग, ठिसूळ हाडं, पण ती अशी चालत होती, की मला तिला गाठायला धाप लागली. देवळापाशी कुणीतरी "मामी, कुठं?" म्हणून विचारलं. ती चालतच राहिली.

बेकरीसमोर रांग तशीच होती. पंचफुलाच्या नानकटाईचा दुसरा ट्रे अजून भट्टीत होता आणि ती रिकामा डबा कडेवर घेऊन उभी होती. नलूला पाहून बायकांनी आपोआप वाट दिली. कढई न चढलेल्या घरातली बाई दिवाळीच्या गर्दीत येत नाही, त्यामुळे सगळ्या गोंधळल्या. नलू सरळ भट्टीपर्यंत गेली.

"सत्तार," ती म्हणाली, "माहा पोरगा त्या दिवशी इथं थांबला होता म्हणते. तुह्यापाशी बोलला. काय बोलला ते सांग मले. आला तवापासून गेला तवालोक. एक शब्द गाळू नको."

सत्तारभाईच्या हातात खडू होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. बायका जवळ सरकल्या होत्या. मला त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, की हा मला वाचवणार आहे. चहाचं सांगेल, टोस्टचं सांगेल, खांब दिसत नव्हता तेही सांगेल, आणि माझ्यापाशी आला की वळसा घालून पुढे जाईल. भला माणूस आहे तो. पण वळसा घातला तर पोराचं बोलणं तिला पुन्हा अर्धंच मिळणार होतं.

"सांग सत्तार," मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी त्याले काय म्हणलं होतं, तिथून सुरू कर."